मेंदी, नीळ व ख्रिस्ती विवेक

‘निसर्गाकडे परत चला’ अशी हांक हल्लीं चोहोंकडून ऐकूं येत आहे. जात्यावरचें पीठ, घाण्याचें तेल, मातीचीं भांडीं, शिकेकाईनें न्हाणें, मेंदीनें केस रंगविणें या गोष्टी आमच्या आजीच्या काळीं गरिबीच्या खुणा मानल्या जात असत. आज त्याच गोष्टी सुंदर वेष्टनांत बांधून चढ्या किंमतीला विकल्या जातात, आणि त्या विकत घेणारास आपण कांहीं पुण्यकर्म केलें असेंही वाटूं लागतें. आमच्या पालकसभांतूनही हा विषय दोनतीन वेळां निघाला. आणि वाद झाला तो पिठावर किंवा तेलावर नव्हे, तर केसांच्या रंगावर झाला. विषय वरवर पाहतां क्षुल्लक दिसतो खरा. परंतु त्याच्या पोटीं श्रद्धा, आरोग्य, पैसा आणि शेजाऱ्याशीं आपली वागणूक असे मोठे प्रश्न दडलेले आहेत. म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार या वार्षिक अंकांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या बाबतींत आमच्या मंडळींत दोन पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो कीं, मेंदी ही इतरांच्या लग्नविधींतली व सणावारांतली वस्तु. ती ख्रिस्ती स्त्रीच्या हातीं किंवा केसीं शोभत नाहीं. शिवाय पिकलेले केस रंगविणें म्हणजे देवानें दिलेल्या वयाविषयीं खोटें बोलणें होय. दुसरा पक्ष म्हणतो कीं, पाल्यापासून झालेलें तें सारें देवाचें आणि कारखान्यांत झालेलें तें सारें सैतानाचें; म्हणून खऱ्या ख्रिस्ती मनुष्यानें फक्त झाडपाल्याचाच रंग वापरावा, आणि जो दुकानांतील रंग वापरतो त्याची श्रद्धा कच्ची समजावी. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष एकाच खड्ड्यांत पडले आहेत. दोघेही वस्तूलाच पवित्र किंवा अपवित्र ठरवूं पाहतात, आणि ती वस्तु वापरणाऱ्या मनुष्याचें अंतःकरण, त्याचें ज्ञान व त्याचा शेजारी यांच्याकडे पाठ फिरवितात. नैसर्गिक राहणी चांगली आहे, आम्हांस ती मनापासून आवडते. परंतु तींत कृतज्ञता, सत्य आणि शेजाऱ्याची काळजी नसेल, तर ती केवळ एक नवी चाल होय, ख्रिस्ती राहणी नव्हे.

हा वाद केवळ शब्दांचा नाहीं, हें आम्हांस एका विद्यार्थिनीच्या प्रश्नानें कळून आलें. तिच्या आईचे केस एका लांबलेल्या दुखण्यानंतर ऐन पस्तिशींत पांढरे झाले. त्या बाईनें घरच्या घरीं मेंदी लावण्यास सुरुवात केली. पुढें उपासनेच्या वेळीं मागच्या बांकांवर कुजबूज होऊं लागली. कोणी तोंडावर बोललें नाहीं, पण कोणी बोलल्यावांचूनही राहिलें नाहीं. ती बाई प्रथम पुढच्या बांकावर बसण्याची बंद झाली, आणि नंतर येण्याचीच बंद झाली. मुलीचा प्रश्न इतकाच होता : “मेंदी लावल्यानें देव रागावतो काय?” मुलांच्या अशा प्रश्नाला शिक्षकांनीं व मंडळीनें सरळ उत्तर दिलें पाहिजे, आणि तें पवित्र शास्त्राच्या आधारें दिलें पाहिजे.

तर प्रथम शास्त्राकडे वळूं. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायांत बीज देणारी वनस्पति व फळ देणारीं झाडें मनुष्याच्या हवालीं केल्याचें वर्णन आहे. आणि दुसऱ्या अध्यायांत त्याला बागेची मशागत व राखण करण्यासाठीं ठेविलें आहे. म्हणजे मनुष्य हा पानाफुलांचा धनी नव्हे, तर कारभारी आहे. मेंदी तर शास्त्राला मुळींच परकी नाहीं. गीतरत्नाच्या पहिल्या अध्यायांत मृत समुद्राच्या पश्चिम कांठच्या एन-गेदी येथील मळ्यांतील एका फुलगुच्छाचा उल्लेख आहे. तेथें मूळ इब्री भाषेंत ‘कोफेर’ हा शब्द असून त्याचा अर्थ मेंदी असाच केला जातो. मेंदीचें बारीक, पांढुरकें, सुवासिक फूल ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना या उपमेची गोडी सांगावयास नको. जें झुडूप शलमोनाच्या नांवाच्या गीतांत मानानें उभें आहे, तें आमच्या अंगणांत आल्यानें आमचें अंगण विटाळत नाहीं.

डोंगरावरील प्रवचनांत आपला प्रभु एक केसही पांढरा किंवा काळा करणें मनुष्याच्या हातीं नाहीं, असें सांगतो. आणि हें वचन केस रंगविण्याच्या विरुद्ध पुष्कळदां पुढें केलें जातें. परंतु मत्तयाच्या पांचव्या अध्यायांत तो भाग वाचून पाहावा. तेथें विषय शपथ वाहण्याचा आहे, रंगाचा नाहीं. स्वतःच्या मस्तकाची शपथ वाहणाऱ्यास प्रभु त्याची मर्यादा दाखवून देत आहे, आणि त्याचें बोलणें सरळ ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असावें, असें शिकवीत आहे. तसेंच पेत्राच्या पहिल्या पत्रांत केसांच्या गुंफणीपेक्षां अंतःकरणाच्या सौम्य शोभेला अधिक मोल दिलें आहे. पण म्हणून वेणी घालणें पाप आहे, असें आमच्यापैकीं कोणी म्हणत नाहीं. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पै येथें प्रथम विश्वास ठेवणारी लुदिया ही थुवतीरा नगरची असून जांभळ्या रंगाच्या मालाचा व्यापार करीत असे. तिला तो व्यापार सोडून देण्यास पौलानें सांगितल्याचें कोठेंही लिहिलेलें नाहीं. उलट तिनें आपलें घर प्रेषितांस उघडें केलें, हेंच लिहिलें आहे.

आतां पिकलेल्या केसांविषयीं. नीतिसूत्रांत त्यांचा मोठा मान वर्णिला आहे, आणि लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायांत त्यांच्यासमोर उठून उभें राहण्याची आज्ञा आहे. पण ही आज्ञा कोणाला आहे, याकडे बहुतेकांचें लक्ष जात नाहीं. ती तरुणांना आहे. वृद्धांनीं केस पांढरेच ठेवावे, असा हुकूम तींत नाहीं. तरुणांनीं वृद्धांस मान द्यावा, असा हुकूम आहे. ज्या समाजांत पांढरे केस दिसतांच नोकरी देणारा तोंड फिरवितो, गाडींत कोणी जागा देत नाहीं, आणि घरांतलीं मुलें ‘तुम्हांला काय समजतें’ असें म्हणतात, त्या समाजानें केस काळे करणाऱ्या वडीलधाऱ्यांस खोटेपणाचा दोष द्यावा, हें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. आधीं आपण उठून उभें राहण्यास शिकावें. मग रंगाची चर्चा करावी.

आपल्या देशांत स्त्रीच्या केसांवर न्याय करण्यास बसणें ही फार जुनी खोड आहे, आणि तिचीं फळें फार कडू आहेत. विधवेचें केशवपन ही महाराष्ट्रांतील उच्च मानलेल्या जातींची रूढि होती. पंडिता रमाबाईंनीं १८८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत उच्चवर्णीय हिंदु स्त्रीची दुःखें जगापुढें मांडलीं, आणि १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें. तें पुढच्याच वर्षीं पुण्यास नेण्यांत आलें. तेथें शिकलेल्या बाल-विधवा गोदूबाई यांचा विवाह १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं झाला. इकडे मुंबईंत १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हावी समाजानें विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालविण्याचा निश्चय केला. गरीब कारागिरांनीं आपल्या मिळकतीवर पाणी सोडून केलेला तो निश्चय आजही आठवण्यासारखा आहे. ज्या मंडळीला रमाबाईंचा वारसा लाभला आहे, तिनेंच जर एका आजारी बाईच्या केसांकडे बोट दाखवून तिला देवाच्या घरापासून दूर लोटलें, तर रमाबाईंच्या जयंतीचीं भाषणें आम्ही कोणत्या तोंडानें करणार? त्या विद्यार्थिनीला आमचें उत्तर हेंच होतें कीं, बाळ, देव मेंदीनें रागावत नाहीं. आणि आमच्या कुजबुजीनें रागावत असेल, तर त्याचा विचार आम्हीं करावा, तुझ्या आईनें नव्हे.

इतकें झाल्यावर आतां आमच्या विद्यार्थ्यांच्या आवडीच्या भागाकडे येऊं : हे रंग काम कसें करितात? देवाच्या सृष्टीबद्दल आभार मानावयाचे, तर ती समजून घेणें हाही आभार मानण्याचाच एक प्रकार आहे.

मेंदीला वनस्पतिशास्त्रांत लॉसोनिया इनर्मिस असें नांव आहे. तिच्या पानांत ‘लॉसोन’ नांवाचें तांबूस-नारिंगी रंगद्रव्य तयार होतें. केस व त्वचेचा वरचा थर ज्या केराटिन नांवाच्या प्रथिनाचे बनलेले आहेत, त्याला हें द्रव्य घट्ट जोडलें जातें; म्हणून मेंदी नुसती वरवर चिकटत नाहीं, तर टिकते. वाळलेल्या पानांची बारीक भुकटी वस्त्रगाळ करून ती कोमट पाण्यांत लिंबाचा थोडा रस घालून भिजवावी व कांहीं तास झांकून ठेवावी. आंबटपणामुळें रंग सावकाश व चांगला सुटतो. मग स्वच्छ धुतलेल्या केसांना लावून दोनतीन तासांनीं साध्या पाण्यानें धुवावी. प्रथम रंग भडक नारिंगी दिसतो. एकदोन दिवसांत हवेनें तो गडद होतो. पांढरा केस मेंदीनें तांबूस होतो, काळा केस काळाच राहून त्यावर फक्त तांबूस झांक येते. नुसत्या मेंदीनें केस काळा होत नाहीं, हें पक्कें लक्षांत ठेवावें. त्याचें कारण पुढें येईल.

काळा रंग हवा असल्यास जुन्या लोकांनीं मेंदीच्या जोडीला नीळ घेतली. निळीचें झुडूप, इंडिगोफेरा टिंक्टोरिया, हें शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुळांतलें आहे. त्याचीं पानें हिरवीं. निळा रंग त्यांत तयार नसतो. पानांत ‘इंडिकन’ नांवाचें रंगहीन द्रव्य असतें. पान पाण्यांत भिजलें म्हणजे त्याचें विघटन होतें, आणि हवेंतील प्राणवायूशीं संयोग झाला म्हणजे निळा रंग उमटतो. म्हणूनच निळीच्या पानांची भुकटी मेंदीसारखी रात्रभर भिजवीत नाहींत. लावण्याच्या दहापंधरा मिनिटें आधींच कालवितात. आधीं मेंदीनें तांबूस केलेल्या केसांवर नीळ बसली म्हणजे दोन्ही रंग मिळून काळा दिसतो. दोन्ही एकत्र करून लाविल्यास तपकिरी छटा येते. तांबडा व निळा मिळून गडद रंग कसा होतो, हें आमच्या चित्रकलेच्या वर्गांतील मुलांना निराळें सांगणें नको.

लोखंडी कढईंत आवळा किंवा मेंदी भिजविण्याची जी आपल्या घरांतील रीत आहे, तिच्यांतही रसायनशास्त्र आहे. आवळ्यांत टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य असतें. त्याचा लोखंडाशीं संयोग झाला म्हणजे काळा रंग होतो. पूर्वीं हिरडा व हिराकस एकत्र करून शाई करीत, तिचें मर्म हेंच. म्हणजे ज्या युक्तीनें आजोबांनीं दौत भरली, त्याच युक्तीनें आजीनें केस काळे केले! माका, जास्वंद, शिकेकाई व रिठा यांचा गुण निराळा आहे. रिठा व शिकेकाई यांना फेस येऊन मळ निघतो. माका व जास्वंद तेलांत उकळून लावण्याची चाल आहे. परंतु यांपैकीं कोणत्याही वस्तूनें मुळापासून पांढरा उगवणारा केस काळा उगवूं लागतो, असें जर कोणी सांगेल, तर त्यावर विश्वास ठेवूं नये. केसाचा रंग मुळांशीं असलेल्या पेशींवर अवलंबून असतो. बाहेरून लावलेला रंग फक्त उगवलेल्या केसालाच बदलतो.

येथें सत्याचा प्रश्न उपस्थित होतो. ‘नैसर्गिक’ हा शब्द आज सर्वांत अधिक फसविणारा शब्द झाला आहे. धोत्रा नैसर्गिक आहे, कण्हेर नैसर्गिक आहे, सापाचें विषही नैसर्गिक आहे. म्हणून तीं कोणी पोटांत घेत नाहीं. आणि बाजारांत जें ‘काळी मेंदी’ या नांवानें विकलें जातें, तें पुष्कळदां नुसतें मेंदीचें पान नसतें. मेंदी तांबूस रंग देते, हें वर सांगितलेंच आहे. मग जी भुकटी अर्ध्या तासांत गडद काळा रंग देते, तिच्यांत कांहीं निराळें द्रव्य आहे हें उघड आहे. बहुधा तें ‘पॅरा-फेनिलिनडायअमाईन’ नांवाचें कारखान्यांत होणारें द्रव्य असतें. हेंच द्रव्य दुकानांतील अनेक केशरंगांतही ठरीव प्रमाणांत असतें. कित्येकांस त्यापासून कांहींच त्रास होत नाहीं. परंतु कित्येकांची त्वचा त्यानें लाल होते, सुजते, फोड येतात, आणि एकदां अशी प्रकृति झाली म्हणजे ती पुढें जन्मभर पाठ सोडीत नाहीं. एका जत्रेंत हातावर अशी काळी नक्षी काढून घेतलेल्या आमच्या एका मुलाच्या हातावर नक्षीच्याच आकाराचे फोड उठलेले आम्हीं पाहिले आहेत. विकणारानें त्याला ‘अस्सल पानाची मेंदी’ म्हणूनच ती लाविली होती.

खऱ्या मेंदीलाही मर्यादा आहेत. ज्यांच्या रक्तांत ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज या विकराची जन्मतः उणीव असते, त्यांच्या तांबड्या रक्तपेशी मेंदीच्या संसर्गानें फुटूं शकतात. तान्ह्या मुलांत हा धोका फार मोठा आहे. म्हणून तान्ह्या बाळाच्या अंगाला हौसेनें मेंदी फांसूं नये. मोठ्यांनींही कोणताही नवा रंग, मग तो पानाचा असो वा कारखान्याचा, डोक्यास लावण्यापूर्वीं कोपराच्या आंतल्या बाजूस थोडा लावून दोन दिवस वाट पाहावी. वेष्टनावरील बारीक अक्षरें वाचावीं. जेथें घटकांचीं नांवें दिलेलीं नाहींत, ती वस्तु घेऊं नये. देवानें झाडपाला दिला तशी बुद्धीही दिली आहे, आणि दुसरीचा उपयोग न करितां पहिलीचा उपयोग करणें ही श्रद्धा नव्हे.

आतां शेजाऱ्याचा विचार. नीळ हें पान जितकें निष्पाप, तितकाच त्याचा इतिहास काळाकुट्ट आहे. बंगाल्यांत गोऱ्या मळेवाल्यांनीं रयतेला थोडी उचल देऊन भाताच्या जमिनींत जबरदस्तीनें नीळ लावावयास भाग पाडलें. एकदां उचल घेतली कीं तें कर्ज बापाकडून मुलाकडे जाई आणि फिटत नसे. १८५९ सालीं नदिया व जेसोर या भागांतील शेतकऱ्यांनीं नीळ पेरण्याचें नाकारिलें, आणि मोठा उठाव झाला. दुसऱ्या वर्षीं दीनबंधु मित्र यांनीं ‘नीलदर्पण’ हें बंगाली नाटक लिहून ती हकीकत मांडली. त्याचें इंग्रजी भाषांतर १८६१ सालीं चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड जेम्स लाँग यांच्या पुढाकारानें प्रसिद्ध झालें. मळेवाल्यांनीं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. कलकत्त्याच्या न्यायालयानें लाँगसाहेबांस एक महिन्याची कैद व एक हजार रुपये दंड ठोठावला. दंडाची रक्कम कालीप्रसन्न सिंह या हिंदु गृहस्थांनीं तेथल्या तेथें भरली. पण कैद मात्र लाँगसाहेबांनीं स्वतः भोगिली. ज्या मिशनरी मंडळींच्या शाळांत आपण शिकलों, त्यांच्या इतिहासांत हें एक सोन्याचें पान आहे. तें आमच्या मुलांना पाठ असावें, असें आम्हांस वाटतें. निळीचें पान नैसर्गिक होतें. त्यामागचा जुलूम पापाचा होता. आणि एका धर्मोपदेशकानें उपासनेच्या वेदीवरून खालीं उतरून तें पाप बोलून दाखविलें.

मग कारखान्याचा रंग आल्यानें गरिबांचें दुःख गेलें काय? तेंही घडलें नाहीं. १८५६ सालीं विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्यास दगडी कोळशाच्या डामरापासून जांभळा रंग साधला. १८८० सालीं आडोल्फ फोन बायर या जर्मन शास्त्रज्ञानें प्रयोगशाळेंत नीळ बनविली, आणि १८९७ पासून जर्मनींतील कारखान्याची नीळ बाजारांत येऊं लागली. झाडाच्या निळीचा भाव पडला. तेव्हां बिहारांतील चंपारणच्या मळेवाल्यांनीं काय केलें? विघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकीं तीन कठ्ठ्यांत नीळ लावण्याची जी सक्ती ‘तीनकठिया’ या नांवानें चालत होती, तींतून सोडण्याच्या बदल्यांत त्यांनीं कुळांवर वाढीव खंड व जबर रकमा लादल्या. म्हणजे तोटा मळेवाल्याचा, आणि तो भरून देणारा शेतकरी! १९१७ सालीं गांधीजी तेथें गेले, हजारों रयतांच्या जबान्या लिहून घेतल्या, आणि १९१८ सालीं कायद्यानें ती सक्ती बंद झाली. या सर्व हकीकतीचा अर्थ आम्ही असा समजतों कीं, पान असो वा प्रयोगशाळा, पुण्य किंवा पाप त्या वस्तूंत नसतें. तें मनुष्याच्या व्यवहारांत असतें. म्हणून आज राजस्थानांतील पाली जिल्ह्याच्या सोजत भागाची मेंदी विकत घेतांना ‘ही शुद्ध आहे काय’ असें विचारणें जितकें रास्त, तितकेंच ‘ती तोडणाऱ्याला पोटापुरती मजुरी मिळाली काय’ असें विचारणेंही रास्त आहे. पहिला प्रश्न आपल्या डोक्यासाठीं आहे. दुसरा देवापुढें उभें राहावयाचें आहे त्यासाठीं आहे.

निसर्गाच्या जवळ राहून ख्रिस्ती जीवन कसें जगावें, याचें एक उत्तम उदाहरण अमेरिकेंतील जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचें आहे. गुलामगिरींत जन्मलेला हा कृष्णवर्णीय मनुष्य वनस्पतिशास्त्रज्ञ झाला, १८९६ सालीं अलाबामांतील टस्कीगी येथील विद्यालयांत आला, आणि १९४३ सालीं मृत्यु येईपर्यंत तेथेंच राहिला. पहांटे रानांत हिंडून वनस्पति गोळा कराव्या आणि तेथेंच प्रार्थना करावी, असा त्यांचा नेम होता. कापसानें नापीक झालेल्या जमिनींत भुईमूग व रताळीं लावण्यास त्यांनीं शिकविलें. गांवाजवळच्या रंगीत मातीपासून स्वस्त रंग करून दरिद्री शेतकऱ्यांच्या झोंपड्या कशा सुशोभित कराव्या, हें त्यांनीं दाखविलें. आणि १९०६ सालीं शेतकऱ्यांच्या दारीं जाणारी एक फिरती शाळा गाडीवर सुरू केली. त्यांची नैसर्गिक राहणी ही श्रीमंतांची हौस नव्हती; ज्याला दुकानाची पायरी चढतां येत नव्हती, त्याच्यासाठीं ती होती. आमच्याही घरांत ही राहणी याच दिशेनें यावी. शंभर रुपयांची शिकेकाई दोनशें रुपयांच्या डब्यांत भरून घेणें ही साधी राहणी नव्हे. अंगणांत मेंदीचें कुंपण लावावें, चार पानें शेजारणीला द्यावीं, आवळ्याच्या दिवसांत आवळे सुकवून ठेवावे, आणि वांचलेला पैसा मुलांच्या पुस्तकांत किंवा मंडळीच्या दानपेटींत जावा, ही साधी राहणी होय.

शेवटीं विद्यार्थ्यांना दोन शब्द सांगतों. मुलामुलींनो, तुमच्या वयांत केसांना रंगाची गरज नाहीं. स्वच्छतेची व तेलफणीची आहे. मोबाईलच्या पडद्यावर कोणाचे केस सोनेरी दिसले म्हणून तुमचे काळे केस कमी दर्जाचे होत नाहींत. देवानें तो रंग विचारपूर्वकच दिला आहे. प्रयोग करावयाचा असेल, तर तो केसांवर न करितां शास्त्राच्या वर्गांत करा : पांढऱ्या लोंकरीचा एक धागा मेंदींत बुडवा, दुसरा आधीं मेंदींत व मग निळींत बुडवा, आणि काय होतें तें वहींत लिहून ठेवा. लोंकरही केराटिनचीच असते. आणि घरीं आईनें किंवा आजीनें मेंदी लाविली, तर तिला हंसूं नका. पाणी तापवून द्या.

पालकांना आमची विनंति आहे कीं, त्यांनीं मुलांसमोर कोणाच्याही केसांची चर्चा करूं नये. ज्या बाईला मेंदी लावावयाची असेल, तिनें ती आभार मानून लावावी. जिला पांढरे केस तसेच मिरवावयाचे असतील, तिनें ते मानानें मिरवावे. मात्र लग्न जुळवितांना किंवा नोकरी मागतांना वय चोरण्यासाठीं रंगाचा आधार घेऊं नये. तेथें रंग पानाचा आहे म्हणून खोटें खरें होत नाहीं. जो खातो त्यानें न खाणाऱ्यास तुच्छ मानूं नये आणि न खाणाऱ्यानें खाणाऱ्याचा न्याय करूं नये, हें जें तत्त्व पौलानें रोमच्या मंडळीस अन्नाविषयीं शिकविलें, तेंच येथें लागू आहे.

ज्या आईची हकीकत वर आली, तिच्यासारख्या आणखी किती जणी मागच्या बांकावरून उठून गेल्या असतील, तें देवच जाणे. त्यांच्या घरीं जाऊन, त्यांच्या हातचा चहा घेऊन, त्यांना पुन्हां आपल्याबरोबर उपासनेस आणणें हें या अंकाच्या प्रत्येक वाचकास या आठवड्यांतच करतां येण्यासारखें काम आहे. तें आमच्या पालकांनीं मनावर घ्यावें, आणि प्रभूनें त्यास यश द्यावें, एवढीच आमची प्रार्थना आहे.